निझव्याच्या बिऱ्हाडात सोलापूरची चादर, कडक भाकरी आणि शेंगा चटणी

परदेशातल्या शाळेत नोकरी पक्की झाली की घरात दोन विषय निघतात : कागदपत्रे आणि बॅगेचे वजन. पदवी, बी.एड. आणि अनुभवाचे दाखले साक्षांकित करून घेण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, त्या एकेक करून पार पाडल्या की पहिला विषय मिटतो. बॅगेचा विषय मात्र निघण्याच्या रात्रीपर्यंत मिटत नाही, कारण तिकिटावर छापलेल्या किलोंपलीकडे विमान कंपनी फुकट काही नेऊ देत नाही आणि घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या मते त्याने आणून ठेवलेल्या पिशवीवाचून परदेशात आपले पान हलणार नसते. मी ओमानमधील निझवा या गावी भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तेथे बिऱ्हाड थाटताना सोलापूरहून नेलेल्या चादरी, टॉवेल, कडक भाकरी, शेंगा चटणी आणि काळे तिखट या वस्तू बॅगेत अडवलेल्या जागेच्या मोलाच्या ठरल्या का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

हा निवाडा सोलापुरात बसून करता येत नाही. वस्तू जेथे वापरायची त्या गावाची हवा आणि तेथला बाजार आधी पाहावा लागतो. मस्कतहून निझव्याकडे निघाले की समुद्र मागे पडतो, हजर पर्वताच्या उघड्याबोडक्या रांगा सुरू होतात आणि पावणेदोन तासांच्या आत खजुराच्या बागांनी वेढलेले हे जुने गाव येते. सतराव्या शतकातला गोल बुरुजाचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी दर शुक्रवारी भरणारा जनावरांचा बाजार आणि २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या ओमानी पाटांपैकी एक, फलज दारिस, ही या गावाची ओळख. हवा कोरडी असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला नवे काही वाटत नाही, फक्त तो मे महिना लांबतच जातो आणि त्या सगळ्या काळात एसी बंद करण्याची सोय नसते. हिवाळ्यात रात्री चांगली थंडी पडते. बाजाराचे म्हणाल तर मोठ्या दुकानांत तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गूळ, चहा पावडर, लोणची, पापड असा भारतीय किराणा बिनदिक्कत मिळतो. त्या वस्तूंसाठी बॅगेची जागा अडवणे हा निव्वळ हौसेचा मामला आहे आणि ही गोष्ट घरच्यांना आधीच समजावून सांगितलेली बरी.

आता चादरीकडे येते. ओमानमध्ये घर भाड्याने मिळते तेव्हा बहुधा त्यात दिवे, पंखे, एसी आणि स्वयंपाकघरातली कपाटे असतात. गादी, पडदे, कपाट हे सारे आपले आपण घ्यायचे. रहिवासी कार्ड हाती येऊन बँकेत खाते उघडेपर्यंत आणि त्यात पहिला पगार जमा होईपर्यंत शहाणा माणूस फर्निचरच्या दुकानाची पायरी चढत नाही. या मधल्या काळात सोलापुरी चादरीने जे काम केले ते दुसऱ्या कोणत्याही वस्तूने केले नाही. चौपदरी घडी घालून फरशीवर अंथरली की ती गादी होते, पूर्वेच्या खिडकीवर टांगली की सकाळचे ऊन अडवणारा पडदा होतो, टेबलावर दुहेरी पसरली की तिच्यावर शाळेच्या कपड्यांना इस्त्री करता येते, आणि रात्री एसीचा झोत थेट अंगावर येतो तेव्हा ती पांघरूण म्हणून लागतेच. तेथल्या दुकानांत मिळणारी ब्लँकेटे बहुतेक कृत्रिम धाग्याची असतात. ती ऊब देतात, पण वीज गेली किंवा एसी बिघडला की त्यांखाली पाच मिनिटे राहवत नाही. सुती चादरीत घाम मुरतो आणि तशीच झोप लागते. हिवाळ्यात एकीवर एक अशा दोन चादरी घेतल्या की पुरतात. डोंगरावर जबल अखदरला मुक्कामाला जायचे असेल तर मात्र लोकरीचे काहीतरी हवेच.

चादर घेताना चोखंदळपणा केला नाही तर हे सारे गुण कागदावरच राहतात. सोलापुरी चादर ही भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक आहे, तरीही बाहेरगावी यंत्रावर भराभर विणलेल्या हलक्या चादरी सोलापुरी या नावाने सर्रास विकल्या जातात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे त्या खुद्द सोलापुरातही रेल्वे स्थानकाच्या आसपास दिसतात. खऱ्या चादरीची नक्षी जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली असते, छापलेली नसते. त्यामुळे ती दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंग उलटे होतात, म्हणजे एका बाजूला तांबड्यावर पांढरा मोर असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर तांबडा. कडेला दोरे लोंबत नाहीत, चादर उजेडात धरली तर विणीतून आरपार दिसत नाही आणि हातावर घेताच वजन जाणवते. चाटी गल्लीतल्या ज्या दुकानात मी खरेदी केली तेथले वयस्कर दुकानदार आपल्या नोकराशी तेलुगूत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होते. मी नक्षी पाहत बसले आहे असे दिसल्यावर ते म्हणाले, “मॅडम, मोर नंतर बघा हो, आधी हातात तोलून बघा.” नंतर त्यांनी सारख्याच दिसणाऱ्या दोन चादरी माझ्या दोन्ही हातांवर ठेवल्या. एक दुसरीच्या जेमतेम पाऊणपट भरत होती. तिचा भावही अर्थात कमी होता, आणि लग्नात आहेर म्हणून वाटायला लोक तीच नेतात, हेही त्यांनी काही न लपवता सांगितले.

तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी या धंद्याला जे वळण दिले त्यात हा तोलाचा हिशोब पहिल्यापासून असावा. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सोलापूरची ओळख गिरणगाव अशी झाली; पुढे मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तरी चादर टिकली, कारण ती शहराच्या पूर्व भागातल्या लहान कारखान्यांत आणि घराघरांत विणली जात होती. आज बहुतेक माल यंत्रमागावरचा असतो. केवळ हातमागाचीच चादर खरी, असा आग्रह धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. सूत चांगले असेल आणि वीण घट्ट असेल तर यंत्रमागाची चादरही वर्षानुवर्षे जाते.

दोष सांगायचे तर तीन ठळक आहेत. पहिला वजनाचा : चांगली एकेरी चादर किलोच्या पुढे भरते, त्यामुळे चार चादरी घेतल्या की बॅगेचा मोठा वाटा तेथेच संपतो. एकट्या माणसाने दोन न्याव्यात, जोडप्याने तीन. चौथीचा मोह टाळावा. दुसरा रंगाचा : गडद तांबडी आणि निळी चादर पहिल्या धुण्यात रंग सोडते. निघण्यापूर्वी सोलापुरातच थंड पाण्यात मीठ घालून ती वेगळी भिजवून, धुऊन, सावलीत वाळवून घ्यावी. नाहीतर निझव्यात पहिल्याच आठवड्यात शाळेचे पांढरे कपडे गुलाबी होण्याची वेळ येते. तिसरा दोष खरखरीतपणाचा : कोरी चादर अंगाला टोचते आणि तिचे बारीक तंतू काळ्या कपड्यांना चिकटतात. चार-पाच धुण्यांनंतर ती मऊ पडते आणि मग मात्र हातची सोडवत नाही. वाळण्याचा प्रश्न निझव्यात उरतच नाही. सोलापुरात श्रावणात दोन दिवस दमट राहणारी चादर तेथे गच्चीवर टाकली की तासाभरात कोरडी होते. ती उन्हात विसरली तर रंग उडतो, एवढे लक्षात ठेवावे.

टॉवेलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सोलापुरी टेरी टॉवेललाही चादरीसारखेच मानांकन आहे, माल उत्तम असतो, पण जाड टॉवेल जागा खातो आणि तशाच गुणाचे टॉवेल ओमानच्या दुकानांत वाजवी भावात मिळतात. अंग पुसायला एक आणि हात पुसायचे दोन-चार नॅपकिन एवढेच घ्यावे.

खाण्याच्या वस्तूंमध्ये पहिला मान कडक भाकरीचा आहे आणि तो भावनेपोटी दिलेला नाही. ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेला माणूस परदेशी गेला की प्रथम पीठ नेण्याचा विचार करतो. पण ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग कितीही कढत पाणी घातले तरी भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. शिवाय नव्या गावी पहिल्या दिवसांत तवा, परात आणि शेगडी यांचाच पत्ता नसतो. कडक भाकरीला यातले काहीच लागत नाही. पातळ थापून, भाजून, पाण्याचा अंश पूर्ण निघून जाईपर्यंत वाळवलेली ही भाकरी आठवड्यांमागून आठवडे टिकते. सकाळी लवकर भरणाऱ्या शाळेला निघण्यापूर्वी ती दुधात कुस्करून खाल्ली की मधल्या सुट्टीपर्यंत भूक लागत नाही. रात्री गरम आमटीत चुरून घेतली की तेच जेवण.

मी नेलेल्या भाकऱ्या तीळ लावलेल्या ज्वारीच्या आणि बाजरीच्या अशा दोन्ही होत्या. ज्वारीची निर्विवाद सरस ठरली. तिला खमंगपणा असतो, ती दाताखाली सहज मोडते आणि आमटीत पडल्यावर चटकन लगदा न होता थोडा वेळ तग धरते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची असेल तर चव आणखी गोड लागते. त्या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि काही महिला बचत गट पाकिटावर तसा उल्लेख करतात. बाजरीची भाकरी लवकर कडवटपणाकडे झुकते, म्हणून ती आधी संपवावी. काही दुकानांत हल्ली मसाला, लसूण, पालक अशा चवींच्या भाकऱ्या ठेवतात. त्या चहाबरोबर चटकमटक म्हणून ठीक आहेत, पण जेवणात त्या आमटीशी भांडतात.

भाकरीचा खरा शत्रू दमट हवा. निझव्यात उघड्या डब्यातही ती कुरकुरीत राहते, पण माझ्याबरोबर याच वर्षी रुजू झालेल्या सहशिक्षिका किनाऱ्यावरच्या गावी बदलून गेल्या आणि त्यांच्याकडची भाकरी चार दिवसांत सादळली. मस्कत, सोहार, सूर अशा किनारी गावी जाणाऱ्यांनी, आणि जून ते सप्टेंबर धुके व रिमझिम पाऊस असणाऱ्या सलालाला जाणाऱ्यांनी तर विशेषच, घट्ट झाकणाच्या डब्याची सोय आधी करावी. प्रवासात ती मोडते ही तक्रार खरी आहे. त्यावरचा उपाय माझ्या सासूबाईंचा : स्टीलचा रुंद डबा घ्यायचा, तळाशी कागद, भाकऱ्यांची चळत, वर पुन्हा कागद, मोकळ्या राहिलेल्या जागेत मोजे ठासायचे आणि हा डबा बॅगेच्या मधोमध दोन चादरींच्या घड्यांत बसवायचा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने मस्कत आणि पुढे मोटारीने निझवा एवढ्या प्रवासात वरच्या दोन भाकऱ्यांचे तुकडे झाले, बाकी शाबूत पोहोचल्या.

या भाकरीचा एक उपयोग मी गृहीत धरला नव्हता. ओमानी घरांत रखाल नावाची कागदासारखी पातळ, कुरकुरीत रोटी तव्यावर करतात, तिच्यावर मध किंवा चीज घालतात किंवा ती रश्श्यात मोडून खातात. घरमालकांच्या पत्नी भाडेपट्ट्याच्या कागदावर सही घ्यायला आल्या तेव्हा ताटलीतली कडक भाकरी त्यांनी उचलली, मोडून आवाज ऐकला आणि “रखाल?” असे विचारले. ज्वारी दाखवण्यासाठी घरात एक दाणाही नव्हता, मग मोबाइलवर कणसाचे चित्र दाखवावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खजूर आणि ओमानी हलव्याची वाटी आली, आणि पाण्याच्या टँकरपासून गॅस सिलिंडरपर्यंतचे पुढचे सगळे प्रश्न त्यांच्याच ओळखीतून सुटले. नव्या गावात बस्तान बसवताना शेजाऱ्याला देण्यासारखे काही जवळ असणे फार उपयोगी पडते, आणि त्या कामाला मिठाईपेक्षा ही भाकरी सरस आहे, कारण ती उन्हाळ्यात खराब होत नाही.

शेंगा चटणीला मी तेवढे गुण देणार नाही, जरी चवीला ती या सगळ्यांत वरचढ आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ एवढाच तिचा संसार. खरी कला कुटण्यात आहे. उखळात किंवा डंकावर कुटलेल्या चटणीला दाण्याचे तेल सुटते, चिमटीत दाबली की तिची वडी होते आणि बोटाला तेलाचा तांबूस ओशटपणा राहतो. मिक्सरमधून काढलेली चटणी कोरडी, भुकटीसारखी राहते. घरी खायला अर्थातच पहिली. पण परदेशी नेताना तिचा हाच गुण आड येतो : ते तेल साध्या पिशवीतून पाझरते, आणि ४५ अंशांच्या गावी चटणी बाहेर राहिली की महिन्याभरात तिला खवट वास येऊ लागतो. म्हणून हवा काढून बंद केलेली पाव किलोची लहान पाकिटे घ्यावीत, एक फोडावे आणि बाकीची फ्रीजमध्ये ठेवावीत. एका मोठ्या, प्रसिद्ध दुकानातून घेतलेले माझे किलोचे पाकीट कडेला नीट चिकटवलेले नव्हते आणि त्यातले तेल थेट सातवीच्या पुस्तकावर उतरले; दुकानाचे नाव लिहीत नाही, पण पाकीट दाबून पाहिल्याशिवाय कोणीही घेऊ नये. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडताना त्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगण्याची सवयही लावून घ्यावी. केरळच्या, फिलिपाइन्सच्या, इजिप्तच्या सहकाऱ्यांना ही चटणी मनापासून आवडते, पण कोणाला शेंगदाण्याचे वावडे आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही.

काळ्या तिखटाबाबत मात्र एक सूचना ठळकपणे देणे भाग आहे. सोलापूरकडच्या अनेक घरांत या मसाल्यात सुके खोबरे, धने, तीळ, दगडफूल यांबरोबर खसखसही घालतात. संयुक्त अरब अमिरातीसह आखातातल्या काही देशांत खसखस बाळगण्यास बंदी आहे, आणि सोलापूरची बरीच मंडळी दुबईत विमान बदलून पुढे जातात. मसाला दळून आल्यावर त्यात काय आहे हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येत नाही. त्यामुळे कांडपाला देतानाच खसखस वगळून वेगळे तिखट करून घ्यावे आणि तयार पाकीट घेत असाल तर त्यावरची घटकांची यादी वाचावी. चवीत थोडा फरक पडतो, दाटपणा कमी येतो. तो तीळ जरा वाढवून भरून काढता येतो. आमच्या घरी यावरून पुष्कळ वाद झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रमाणात हात घालणे कोणाला रुचत नाही, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे आजीचे प्रमाण चालत नाही. हे एक पथ्य पाळले तर पाऊण किलो काळे तिखट एका माणसाला वर्षभर पुरते आणि बॅगेतल्या जागेच्या मानाने त्याच्याइतका मोबदला दुसरी कोणतीही वस्तू देत नाही. निझव्याच्या बाजारातली ताजी वांगी, दोडके आणि शेवग्याच्या शेंगा या तिखटाने एका रात्रीत ओळखीच्या होतात. डाळिंबांसाठी तर सोलापूरची आठवणही काढावी लागत नाही. जबल अखदरची डाळिंबे सप्टेंबरच्या आसपास बाजारात येतात आणि सांगोल्याच्या माणसालाही त्यांत खोट काढता येणार नाही.

खरेदीच्या वेळेबद्दल थोडे. चादरी कधीही घेतल्या तरी चालतात. भाकरी आणि चटणी मात्र निघण्याच्या दोन दिवस आधीच घ्यावी. एप्रिलमध्ये नव्या शैक्षणिक वर्षासाठी रुजू होणाऱ्यांना हवेची साथ असते, कारण त्या दिवसांत सोलापूरही कोरडेठाक असते. जून-जुलैच्या सुट्टीत घरी येऊन परतणाऱ्यांची अडचण वेगळी : पावसाळी हवेत दुकानातल्या चळतीतली भाकरी मुळातच अर्धवट सादळलेली असू शकते. ती विकत घेण्यापूर्वी एक मोडून पाहावी. आवाज न होता वाकली तर परत ठेवावी. घरी आणलेली असेल तर मंद आचेच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून, पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावी. कोमट असताना झाकण लावले तर वाफ आत कोंडते आणि मस्कतला डबा उघडेपर्यंत तिला बुरशी आलेली असते.